मुकादम : पुढे असणे आणि पुढे केले जाणे

जुन्या मराठी कागदपत्रांची संपादने आणि गेल्या काही दशकांतील दलित-ग्रामीण कथनांना जोडलेल्या शब्दसूची शेजारी ठेवून वाचल्या, की ‘मुकादम’ या शब्दापाशी थांबावे लागते. सतराव्या शतकातील कागदाखाली ‘गावचा मुख्य, पाटील’ अशा आशयाची टीप असते. कथनाच्या शेवटी ‘मजुरांवर देखरेख करणारा’ एवढाच अर्थ दिलेला असतो. दोन्ही टीपा चुकीच्या नाहीत. कोशकार त्यांना १ आणि २ असे क्रमांक देऊन मोकळा होतो आणि भाषाविज्ञानाची आपली क्रमिक पुस्तके अशा प्रकाराला ‘अर्थापकर्ष’ म्हणतात. एकेकाळी गावाच्या अग्रभागी असलेला मानकरी घसरत घसरत सफाई कामगारांच्या हजेरीवहीपर्यंत आला, अशी ती कहाणी आहे. कहाणी म्हणून ती सुबक आहे. इतिहास म्हणून ती मला पटत नाही. तिच्यात शब्दाला एक उंची गृहीत धरलेली असते आणि मग तो पडला असे सांगितले जाते. परंतु ज्या उंचीवरून तो पडला असे आपण मानतो, ती मुळात त्याची होती काय, हा प्रश्न विचारला जात नाही.

आरंभ व्याकरणापासून करावा लागेल. ‘मुकद्दम’ हे अरबीतील कर्मणि धातुसाधित आहे. ‘क़-द-म’ या त्रिवर्णी धातूपासून ‘पुढे ठेवणे, पुढे करणे’ या अर्थाचे जे क्रियापद सिद्ध होते, त्याचे कर्तरी रूप ‘मुकद्दिम’ म्हणजे पुढे करणारा आणि कर्मणि रूप ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे केलेला. मराठीतल्या ‘पुढारी’ या शब्दात मनुष्य स्वतः पुढे असतो. ‘अग्रणी’ तर इतरांना पुढे नेतो. मुकादमाला मात्र दुसऱ्या कोणी तरी पुढे ठेवलेले असते. तो हात वाक्यात दिसत नाही. कर्मणि प्रयोगात कर्ता अध्याहृत राहू शकतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. या एका शब्दाच्या बाबतीत तो अध्याहृत कर्ता सातशे वर्षे अध्याहृतच राहिला आहे.

याच धातूची इतर अपत्ये आपल्या ओळखीची आहेत. ‘कदम’ म्हणजे पाऊल आणि जुन्या सनदांत वारंवार येणारा ‘कदीम’, म्हणजे पूर्वापार, ही दोन्ही त्याच घरची. इब्न खल्दूनच्या १३७७ मधील ज्या ग्रंथाला जग ‘मुकद्दिमा’ म्हणून ओळखते, त्या नावाचा अर्थ ‘प्रस्तावना’, म्हणजे ग्रंथाच्या पुढे ठेवलेला भाग. आणि हिंदी-उर्दूतील ‘मुकदमा’ म्हणजे न्यायासनापुढे ठेवलेले प्रकरण. अरब समाजांत मेहेरचा जो भाग विवाहाच्या वेळीच द्यावयाचा, त्यालाही ‘मुकद्दम’ म्हणतात आणि मागाहून द्यावयाच्या भागाला ‘मुअख्खर’. माणूस आणि आगाऊ रक्कम यांना एकच शब्द असावा, ही गोष्ट वाचकाने येथे नुसती लक्षात ठेवावी.

पदनाम म्हणून हा शब्द जिथे जिथे गेला, तिथे त्याची पातळी बदलली. मामलूक काळातील इजिप्तमध्ये हजार स्वारांचा सेनानी मुकद्दम होता; तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सोच्या कायदेसंग्रहात तो ‘अल्मोकादेन’ होऊन पायदळाच्या तुकडीचा म्होरक्या झाला; मोरोक्कोत तो मोहल्ल्यातला सर्वांत खालचा सरकारी माणूस आहे; सूफी परंपरेत शेखाचा स्थानिक प्रतिनिधी. पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर तो उचलला आणि ‘मोकादांव’ केला. दालगादोंच्या १९१९-२१ मधील कोशात त्याची नोंद आहे. या यादीत सेनापती आहे आणि गल्लीतला निरोप्याही आहे. ‘अपकर्ष’ शोधायचा तर तो कुठून कुठे, हेच सांगता येणार नाही. स्थिर आहे ती एकच गोष्ट : वर कोणी तरी आहे, खाली कोणी तरी आहेत आणि मधल्या माणसाला खालच्यांच्या पुढे उभे केले आहे.

हिंदुस्थानातला त्याचा पहिला मोठा प्रसंग झियाउद्दीन बरनीने १३५७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या इतिहासात येतो. अल्लाउद्दीन खलजीची तक्रार अशी, की खूत आणि मुकद्दम उत्तम घोड्यांवर बसतात, भारी वस्त्रे नेसतात, शिकारी करतात आणि खराजाचा एक पैसाही स्वतःच्या पदरचा देत नाहीत. त्याने त्यांच्या सवलती काढून घेतल्या, त्यांना सामान्य रयतेच्या बरोबरीने कर लावला, आणि बरनीच्या सांगण्याप्रमाणे खूत-मुकद्दमांच्या बायकांवर दुसऱ्यांच्या घरी मोलाने काम करण्याची पाळी आली. बरनी अतिशयोक्तीत कमी नाही, हे मान्य. परंतु त्याच्या वर्णनात एक रचना दिसते ती महत्त्वाची आहे. सुलतानाला मुकद्दम नको होता असे नाही. मुकद्दमाचे मुकद्दम असण्यापलीकडचे जे काही होते, ते नको होते. घोडा, पोशाख, पान ही सारी ‘पुढे असण्या’ची चिन्हे होती. सुलतान त्याला आठवण देत होता, की तू पुढे नाहीस, तुला पुढे केलेले आहे. खलजीनंतर गियासुद्दीन तुघलकाने त्यांच्या काही सवलती परत दिल्या, म्हणजे हा वाद मिटला नव्हता.

दख्खनेत या शब्दाची गाठ पडली ती ‘पाटील’ या शब्दाशी. येथे ध्वनिविचारातली एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. शिलालेखांतील ‘पट्टकिल’ या रूपापासून ‘पाटील’ आला असे सामान्यतः मानतात. जोडाक्षर गेले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला, जसे ‘सप्त’ – ‘सत्त’ – ‘सात’, ‘कर्म’ – ‘कम्म’ – ‘काम’. ‘मुकद्दम’चा ‘मुकादम’ होताना मराठी जिभेने नेमके हेच केले. परका शब्द जणू घरच्या शब्दाच्या पावलावर पाऊल टाकून मराठी झाला. मोडी कागदांत ‘मोकदम’ हे रूपही सर्रास आढळते आणि विदर्भात ‘मुकद्दम’ टिकून राहिला. पण बोलीने पसंत केले ते दीर्घ स्वराचे रूप.

दोन्ही शब्द एकाच माणसाला लागत. ‘मोकदम पाटील’ अशी जोडीही कागदात येते, त्यामुळे अभ्यासक त्यांना पर्याय समजतात. पण एकाच पदाला दोन नावे दोनशे-तीनशे वर्षे टिकतात, तेव्हा ती केवळ पर्याय म्हणून टिकत नाहीत. माझे म्हणणे असे आहे, की पाटील हे गावाच्या तोंडचे नाव होते आणि मुकादम हे सरकारच्या लेखणीतले. ही विभागणी काटेकोर नाही, अपवाद पुष्कळ सापडतील. पण कल स्पष्ट आहे. आदिलशाही आणि निजामशाही आमदानीतील फर्माने-खुर्दखते मौजेच्या मोकदमांना उद्देशून निघतात, कारण त्यांना हवा असतो तो जबाबदार धरता येणारा मनुष्य. उलट पाटीलकीच्या खरेदीखतांत आणि वाटणीपत्रांत मानपानाच्या लांबच लांब याद्या येतात : पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीची पोळी पहिली कोणाची, लग्नात टिळा-विडा आधी कोणाला. ‘पुढे’ हा शब्द तिथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. अर्धी पाटीलकी विकली गेली, की बैलांच्या क्रमावरून पिढ्यान्पिढ्या भांडणे चालत. मोकदमीची भांडणे वसुलीवरून होत, पाटीलकीची क्रमावरून.

रांझ्याचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. जानेवारी १६४६ च्या, शिवाजी महाराजांच्या मुद्रेच्या आरंभीच्या कागदांत गणल्या जाणाऱ्या पत्रात बावाजी गुजराच्या गुन्ह्याची आणि त्याचे हातपाय तोडण्याच्या शिक्षेची हकिकत आहे. आपण सर्वांनी ती लहानपणी ‘रांझ्याचा पाटील’ या नावाने ऐकली. पत्रातला शब्द मात्र ‘मुकादम’ आहे आणि त्याच्याकडून जे घडले ते ‘मोकदमी करीत असता’ घडले, असा त्याचा रोख आहे. कथेत एक उन्मत्त गावगुंड आणि एक न्यायी राजा समोरासमोर उभे असतात. पत्रात एक पद आहे, त्या पदावर असताना झालेला बदअमल आहे, पद काढून घेणे आहे आणि मग त्याच गोतातल्या सोनजी गुजराने होन भरून ते पद घेणे व पांगळ्या झालेल्या बावाजीला सांभाळण्याचा भार उचलणे आहे. कथेला नायक आणि खलनायक पुरतात. कागदाला पुढची मोकदमी कोण करणार हे लिहावेच लागते. लोकस्मृतीने ‘मुकादम’चा ‘पाटील’ केला, तेव्हा तिने एका पदाधिकाऱ्याच्या शिक्षेची एका माणसाच्या पारिपत्यात रूपांतर करून नीतिकथा घडवली. मला त्यात लोकस्मृतीचा दोष दाखवायचा नाही. तिने कोणता शब्द सोडून दिला, एवढेच दाखवायचे आहे.

मुकादम असण्याचा दुसरा अर्थ धामधुमीच्या काळात कळतो. फौज गावावर आली आणि खंडणी ठरली, की ती फिटेपर्यंत गावच्या प्रमुखालाच ओलीस नेत. गावासाठी तो सरकारचा हात असे आणि सरकारसाठी तो गावाचे शरीर. त्याच्या अंगावर वसूल करता येत असे. हा भाग मानपानाच्या यादीत लिहिलेला नसतो.

महादजी शिंद्यांचे उदाहरण येथे उलट बाजूने बोलते. १७८४ मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीचे पद मिळवणारा आणि त्यांचा नायब म्हणून उत्तर हिंदुस्थानचा कारभार पाहणारा हा सेनानी स्वतःला ‘पाटील’ म्हणवून घेण्यात भूषण मानी. ‘पाटीलबावा’ हेच त्यांचे रूढ नाव झाले. त्यांना कोणी ‘मुकादम’ म्हटल्याचे कल्पनेतही येत नाही. नम्रतेचा आव आणायलासुद्धा हा शब्द उपयोगी पडला नसता, कारण ‘मुकादम’ म्हणताच ‘कोणाचा?’ हा प्रश्न उभा राहतो. पाटील गावाचा असतो. मुकादम दोघांचा असतो.

अव्वल इंग्रजीत मुंबई इलाख्याने गावकामगारासाठी ‘पाटील’ हे नाव कायम केले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनाची मांडणी केली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद संपले आणि पोलीस पाटील तेवढा शिल्लक उरला. मध्य प्रांतात वेगळे घडले. तिथे १८८१ च्या जमीनमहसूल कायद्याने सारा भरणारा ‘लंबरदार’ आणि गावचा कारभार पाहणारा ‘मुकद्दम’ अशी दोन पदे मानली. मालगुजार गावात राहत नसेल तर त्याच्या वतीने ‘मुकद्दम गुमास्ता’ नेमावा लागे. प्रतिनिधीचाही प्रतिनिधी! नागपूर-भंडारा भागातील मराठीला हा शब्द मालगुजारी जाईपर्यंत गावच्या कारभाराचा म्हणूनच माहीत होता, तर त्याच वेळी मुंबईच्या मराठीत तो केव्हाच मजुरांच्या टोळीत शिरला होता. म्हणजे एक अर्थ मावळून दुसरा उगवला, असा कालक्रमही येथे सरळ नाही.

मुंबईत तो का शिरला, याचे उत्तर मला तरी साधे वाटते. पश्चिम भागात पाटलाने गावचे पद एकट्याने घेतल्यावर हा शब्द रिकामा झाला होता आणि मुंबईला नेमक्या अशाच शब्दाची गरज होती. १८५४ मध्ये गिरणीचा उद्योग सुरू झाला, गोद्या बांधल्या गेल्या, कापसाच्या गठ्ठ्यांची चढउतार आणि वजने सुरू झाली. मालकाला रत्नागिरी-साताऱ्याहून येणाऱ्या शेकडो माणसांची नावे ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नव्हती. त्याला एक माणूस हवा होता, ज्याला सांगितले की पन्नास माणसे हजर होतील. गिरणीच्या खात्यांत त्याला ‘जॉबर’ हे नाव पडले. हमाली, रस्ते, बांधकाम, शहराची सफाई येथे ‘मुकादम’ राहिला. व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात जॉबर, सरदार, मुकादम, मिस्त्री अशा निरनिराळ्या नावांखालचा मध्यस्थ एकाच जातीचा मानलेला आहे. तो भरती करी, दस्तुरी घेई, खोलीत जागा मिळवून देई, व्याजाने पैसे देई, बदलीवर ठेवी वा काढी. त्याला लहान जुलमी राजा म्हणून रंगवण्याची आपल्याकडे सवय आहे. राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात या चित्राला धक्का दिला. वस्तीतली माणसे टिकवली नाहीत तर जॉबरची खात्यातली पत जाई आणि खात्यात काम देता आले नाही तर वस्तीतली. संपाच्या काळात तो कोणत्या बाजूला जाईल हे म्हणूनच आधी सांगता येत नसे. खंडणीसाठी ओलीस नेलेल्या मोकदमाची जागा मला येथे ओळखू येते.

साहित्यविचाराच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शब्द ही निरनिराळ्या वर्गांच्या स्वराघातांची झुंज चालणारी जागा असते, हे व्होलोशिनोव्हचे १९२९ मधील प्रतिपादन आपल्या समीक्षेत आता नवे राहिलेले नाही. मात्र ते उद्धृत करून आपण थांबतो. एखादा मराठी शब्द घेऊन ती झुंज दाखवण्याचे कष्ट घेत नाही. कामगार-कथेतला आणि दलित कथनातला मुकादम आपण पटकन ‘शोषकाचा हस्तक’ या वर्गात टाकतो. पण तो बहुधा कथन करणाऱ्याच्याच गावचा, अनेकदा त्याच्याच जातीचा, कधी चुलता किंवा मेहुणा असतो. त्याला नात्याच्या नावाने हाक मारावी लागते आणि हजेरी मांडताना तोच परका होतो. संबोधन बदलते तिथे कथनाचा स्वर चरकतो. समीक्षकाने वाचावयाचे ते त्या चरकण्यात असते.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात जुन्या कागदांचे वाचन घेत असताना मी ‘मुकादम’चा अर्थ विचारला. शहरातल्या विद्यार्थ्यांनी ‘पाटील’ आणि ‘सुपरवायझर’ अशी दोन उत्तरे दिली. बीडकडच्या एका विद्यार्थ्याने मान वर न करता म्हटले, “ज्याची उचल घेतली, तो.” वर्गात कोणालाच पुढे काही विचारता आले नाही, मलाही नाही. त्या मुलाची व्याख्या कोणत्याही कोशात नाही. परंतु माझ्या वाचनात आलेल्या व्याख्यांत तीच सर्वांत अचूक आहे. तिच्यात मुकादमाचे काम नाही, हुद्दा नाही, आहे तो फक्त संबंध. आणि मेहेरच्या पुढे दिलेल्या भागाला ‘मुकद्दम’ म्हणणाऱ्या अरबीची तिने नकळत आठवण करून दिली. या दोहोंत ऐतिहासिक धागा आहे असे मी म्हणत नाही. परंतु पुढे केलेला माणूस आणि पुढे केलेला पैसा एकमेकांना शोधत येतात, इतके खरे.

ऊसतोडीतली व्यवस्था थोडक्यात अशी. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादम हंगामापूर्वी रक्कम उचलतो, ती टोळीतल्या जोडप्यांना वाटतो आणि हंगामभर त्यांच्या कामातून ती फेडून घेतो. त्यावर त्याला कमिशन मिळते. कोणी आजारी पडले, तोडीला आले नाही, तर ‘खाडा’ लागतो. टोळी पळाली तर मुकादमाला धरतात. मुकादमाने फिरवाफिरव केली तर टोळीला अडवून ठेवतात. शरीर तारण ठेवण्याची जुनी रीत दोन्ही दिशांनी चालू आहे. अशी माणसे नेऊन पुरवणाऱ्याला कायद्याने काय म्हणावे, हा प्रश्न १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या कायद्यापुढे होता. त्याने कंत्राटदाराच्या व्याख्येत खातेदार, सरदार, एजंट ही नावे घातली आणि पुढे ‘कोणत्याही नावाने ओळखली जाणारी अन्य व्यक्ती’ अशी पुस्ती जोडली. मुकादम तिथे नावाने आला नाही. त्याला त्या शेवटच्या पुस्तीत जागा मिळाली. शिवाय राज्याची सीमा न ओलांडता बीडहून कोल्हापूरकडे जाणारी टोळी त्या कायद्याच्या कक्षेत येतच नव्हती. फर्मानांनी ज्याला नावाने हाक मारली, त्याला या कायद्याने सर्वनामात ठेवले.

अनुवादकाची अडचण यातूनच येते. इंग्रजीत नेताना हेडमन म्हटले तर गाव येते आणि उचल जाते, ओव्हरसीअर म्हटले तर देखरेख येते आणि नाते जाते, कॉन्ट्रॅक्टर म्हटले तर करार येतो आणि मुकादमाने स्वतः गहाण असणे जाते. मूळ शब्द तसाच ठेवून तळटीप देणे बरे; पण ती तळटीप ‘गावप्रमुख’ किंवा ‘देखरेख्या’ अशी एकशब्दी नसावी. संपादकांनीही सतराव्या शतकातील कागदाच्या टीपेत ‘पाटील’ एवढे लिहून थांबू नये.

शब्दाच्या लिंगाविषयी एक निरीक्षण राहिले. ‘पाटील’चे ‘पाटलीण’ होते आणि तिला गावात मान असतो. ‘मुकादम’ला मराठीने रूढ स्त्रीलिंगी रूप दिलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत बायकांवर बाईच जॉबर असे. तिला ‘नायकीण’ म्हणत. नायकाच्या अधिकाराचे स्त्रीरूप म्हणून हा शब्द तिथे आला खरा, पण मराठी कानाला त्याचा जो दुसरा अर्थ आधी ऐकू येतो, तो खात्यातल्या त्या बाईला रोज अंगावर वागवावा लागला असेल. ऊसतोडीत हेही उरले नाही. तिथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर मांडली जाते. मुकादमाच्या वहीत बाईचे नाव नसते.